निघण्यापूर्वीचे दहा दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



"तुमच्या नवापूरच्या प्रवासाविषयी चार शब्द बोला," असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा मी त्यांना म्हटले की प्रवासाविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. आम्ही गेलो, चार दिवस राहिलो आणि सुखरूप परत आलो. सांगण्यासारखे जे घडले ते निघण्यापूर्वीच्या दहा दिवसांत, आणि तेही नवापुरात नव्हे, येथे आपल्याच गल्लीत घडले. तुमच्यापैकी बऱ्याचजणींचा त्यात हात आहे. तेव्हा तुमचीच हकीकत तुम्हांला ऐकविल्यासारखे होईल. पण प्रत्येकीने आपापला तुकडा पाहिला. सबंध गोधडी काही कोणी पाहिली नाही. ती आज पसरून दाखवावी म्हणते.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, आम्ही अकराजणी. दर दोन वर्षांनी एखाद्या लांबच्या गावी सेवेसाठी जातो. तरुण मुली ह्याला 'मिशन ट्रिप' म्हणतात, म्हाताऱ्या 'सेवाफेरी' म्हणतात, आणि माझे यजमान 'तुमची स्वारी' म्हणतात. आपले नगर (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण जिभेला जुने वळण आहे) हे मिशनचे फार जुने ठाणे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक येथे आले. मिस सिंथिया फरार ह्या बाई १८३९ साली नगरास आल्या आणि १८६२ साली येथेच वारल्या; त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, हे आपणांस ठाऊक असेलच. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे नगराने परक्या माणसांना येथे येताना पाहिले आहे. आता नगरच्या बायका गाठोडी बांधून दुसरीकडे जातात, एवढाच फरक.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही नवापूर तालुक्यातल्या एका मिशन रुग्णालयात जायचे ठरविले. नवापूर म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचे, आणि आपल्या राज्याचेही टोक. तेथले रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध सीमा जाते. नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्या राज्यात, असे शेजारी शेजारी बसता येते. आसपासची वस्ती मुख्यत्वे आदिवासी, बोली मावची आणि भिली. त्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातपाय, छाती, पाठ असे दुखते की लहान मूल रात्रभर किंचाळते. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर मुलाला हा आजार होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून ह्या आजाराविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती अशाच मुलखांसाठी. ह्या मुलांना दोन गोष्टी फार जपाव्या लागतात, अंगातले पाणी कमी होऊ द्यायचे नाही आणि थंडी बाधू द्यायची नाही. थंडी लागली की दुखणे उसळते. म्हणून आमच्या बावीस गोधड्या आणि साठ दुपटी ही केवळ भेटवस्तू नव्हती. डिसेंबरच्या आत ती तेथे पोहोचणे गरजेचे होते.

आता विघ्नांकडे वळते.

पहिले विघ्न आमच्या सिस्टरआजींवर आले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या रुग्णालयांत परिचारिकेचे काम केले. आमच्या अकराजणींत वैद्यकीय ज्ञान असलेल्या त्या एकट्याच. बाकीच्या आम्ही शिवणाऱ्या, गाणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या. निघायला दहा दिवस राहिले असता पहाटे न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. प्लॅस्टर बसले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला.

दुसरे विघ्न तीन दिवसांनी आले. आमच्या सभागृहाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी रात्री कधीतरी तडकली. छत जुने. पाणी झिरपत झिरपत ज्या खोलीत गाठोडी रचून ठेवली होती नेमके तेथेच उतरले. सकाळी दार उघडले तेव्हा पायाखाली घोटाभर पाणी, आणि बावीसच्या बावीस गोधड्या भिजून चिंब. भिजलेली गोधडी कोणी उचलली असेल तिलाच तिचे वजन ठाऊक. दोघींनी धरावी तेव्हा एक उचलते. त्यात तांबड्या लुगड्यांच्या तुकड्यांचा रंग पांढऱ्या दुपट्यांना लागलेला. आमच्यातली एक तर तेथेच पाण्यात खाली बसली.

तिसरे विघ्न २२ तारखेचे. निवडणूक नुकतीच पार पडली होती, आणि तुळशीचे लग्न लागल्यावर माणसांची लग्ने सुरू झालेली. आम्ही महिन्यापूर्वी पैसे देऊन जी गाडी ठरविली होती तिच्या मालकाचा फोन आला की गाडी लग्नाला दिली. त्यांनी आमचे पैसे त्याच दिवशी परत केले, एवढे मात्र न विसरता सांगितले पाहिजे. परंतु निघायला तीन दिवस उरलेले, आणि गावात दुसरी गाडी मिळेना.

तीन विघ्ने आली की माणसाच्या जिभेला अर्थ लावल्यावाचून राहवत नाही. आमच्यात लगेच दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, "प्रभूची इच्छा नाही, थांबावे." दुसऱ्या म्हणाल्या, "चांगल्या कामात सैतान आडवा येतो, तेव्हा जायलाच हवे." दोघी बाजूंनी पवित्र शास्त्रातले दाखले निघू लागले. पाळकबाईंनी तोड काढण्यासाठी कॅरीसाहेबांची गोष्ट सांगितली. ती आमच्याकडे प्रवचनांतून नेहमी सांगतात. तुम्ही कदाचित ऐकली नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. मला त्या गोष्टीशी पुष्कळ भांडायचे आहे.

विल्यम कॅरी हे इंग्लंडातले जोडे शिवणारे गृहस्थ. ह्यांनीच पुढे १८०५ साली बंगालमधल्या सिरामपुराहून मराठी भाषेचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठीचा कोश काढला. तेव्हा आपल्या भाषेवर त्यांचे ऋण आहे. १७९३ साली ते हिंदुस्थानास यायला निघाले. पत्नी डोरोथीबाई गरोदर होत्या आणि त्यांनी येण्यास साफ नकार दिला होता. म्हणून कॅरी फक्त थोरल्या मुलाला घेऊन सोबत्याबरोबर 'ऑक्सफर्ड' नावाच्या जहाजावर चढले. कंपनी सरकारचा परवाना जवळ नव्हता, आणि सोबत्याच्या मागे सावकार लागलेले. कप्तानाने त्यांना जहाजावरून उतरवून दिले. पुढे डेन्मार्कचे एक जहाज मिळाले. दरम्यान डोरोथीबाई बाळंत झाल्या होत्या. पुन्हा विचारले तेव्हा त्या यायला कबूल झाल्या, आणि १३ जून १७९३ रोजी सगळे कुटुंब मिळून निघाले. प्रवचनात येथे म्हणतात, "पाहा, जहाजावरून उतरविले हा केवढा आशीर्वाद! नाहीतर कुटुंबाची ताटातूट झाली असती."

भगिनींनो, मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, आणि मनात एकच येते की हा आशीर्वाद कोणाचा? डोरोथीबाईंना सहीपुरतीही अक्षरे येत नव्हती. लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी फुली केली होती. दीड महिन्याचे मूल कडेवर घेऊन त्या समुद्रावर पाच महिने राहिल्या. बंगालात आल्यावर वर्षभरात त्यांचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर त्यांचे मन जे बिघडले ते पुन्हा सावरले नाही, आणि १८०७ साली तशाच अवस्थेत त्या वारल्या. ज्या घटनेला आपण आशीर्वाद म्हणतो तिचे बिल एखादी बाई भरते, आणि बिल भरणारीचे नाव प्रवचनात येत नाही. कॅरीसाहेबांच्या कार्याची थोरवी मला कमी करायची नाही. परंतु जहाजावरून हाकलून देणे म्हणजे हाकलून देणेच. त्याला दया म्हणू नये.

मग त्या गोष्टीत दया नाहीच का? आहे, पण ती वेगळ्याच ठिकाणी आहे. डोरोथीबाई म्हणाल्या, "माझी बहीण बरोबर येत असेल तर मी येते." आणि ती धाकटी बहीण, कॅथरीन तिचे नाव, घरात किटी म्हणत, काही तासांच्या अवधीत आपले सामान बांधून निघाली. तिला ना कसले पाचारण झाले होते, ना तिच्याविषयी कोणी प्रवचन करणार होते. बहीण एकटी पडेल म्हणून ती आली, एवढेच. प्रवासाचे पैसे पुरेनात तेव्हा ती आणि कॅरींचे सोबती नोकरमाणसांच्या दराने जहाजावर चढली. परंतु डॅनिश जहाजाच्या कप्तानाने त्यांना नोकरांत ठेवले नाही, निजायला खोली दिली आणि आपल्या पंगतीला बसविले. माझ्या मते ह्या गोष्टीतली दया ती ही. एका कप्तानाने उतरविले, दुसऱ्याने पंगतीला घेतले. दोन्हींचा कर्ता देवच असे म्हणून दोघा कप्तानांना सारखे करून टाकणे मला पटत नाही.

मी हे असेच बैठकीत बोलले. पाळकबाईंना ते फारसे रुचले नसावे. पण सिस्टरआजींच्या घरी गेलो तेव्हा त्या प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून म्हणाल्या, "पडले ते पडले. फरशी ओली होती. त्याला उगाच देवाचे नाव लावू नका. त्या दोघी पोरींना उद्यापासून माझ्याकडे धाडा."

आणि त्यांनी शाळाच सुरू केली. आमच्यातल्या दोन मुली, एक कॉलेजात शिकणारी आणि एक शिवणक्लास चालविणारी, सात दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी बसल्या. अशक्त बाळाला आईच्या उघड्या छातीशी कसे बांधून ठेवायचे, नाळेला काहीही न लावता ती कोरडी का ठेवायची, दुखणे उसळलेल्या मुलाला किती वेळा पाणी पाजायचे, हे सगळे त्यांनी डाव्या हाताने करून दाखविले. जुलाबावरचे पाणी तर त्यांनी दहादा करून घेतले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, शीग चढविलेले नव्हेत. चुकले की ओतून द्यायला लावायच्या. तुम्हीही लिहून ठेवा, घरी उपयोगी पडेल. आता ह्यात कोणी म्हणेल की आजी पडल्या म्हणून दोन मुली शिकल्या, तेव्हा पडणे चांगलेच झाले. मी तसे म्हणणार नाही. आजींची मूठ आजही पुरती मिटत नाही, आणि आयुष्यातली शेवटची सेवाफेरी हुकली ह्याचे त्यांना वाईट वाटते ते मला दिसते. मुलींना शिकविले ते आजींनी. मनगट मोडण्याने नव्हे.

आता भिजलेल्या गोधड्यांचे. त्या दिवशी सकाळी आम्ही त्या कशाबशा ओढत अंगणात आणल्या आणि वाळवायला दोरी शोधू लागलो. नोव्हेंबरचे ऊन कोवळे, आणि अंगणात जागा चार गोधड्यांची. तेवढ्यात शेजारच्या भाभी दूध घेऊन परतत होत्या. त्यांनी काही विचारले नाही. दुधाचे भांडे आमच्या पायरीवर ठेवले, एका गोधडीचे टोक धरले आणि म्हणाल्या, "हमारी छत खाली है, चलो." तेथून जी सुरुवात झाली ती तुम्हांला ठाऊकच आहे. समोरच्या वाड्यातल्या काकूंनी आपले धुणे काढून दांड्या मोकळ्या केल्या. वरच्या माळ्यावरच्या गुजराती बेनने कठडा दिला. दुपारी बाराच्या सुमारास मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या गच्च्या, गॅलऱ्या आणि कठडे आमच्या गोधड्यांनी झाकून गेले होते. पोस्टमनने विचारले, "काही उत्सव आहे का?"

दुपट्यांचा प्रश्न निराळा होता, कारण त्यांवर रंग उतरला होता. परीटमामांनी ती पाहिली, नाक मुरडले, आणि शिवणारीने लुगडी आधी धुऊन रंग का तपासला नाही ह्यावर आम्हांला व्यवस्थित सुनावले. (लुगडी तीनदा धुतली होती. रात्रभर पाण्यात बुडतील असे कोणी धरले नव्हते.) मग त्यांनी साठही दुपटी नेली. चौथ्या दिवशी आणून दिली ती पांढरी, कडक इस्त्रीची, दहादहाच्या चवडी घातलेली. पैसे विचारले तर म्हणाले, "कोळशाचे तीनशे द्या. हाताचे नकोत." मी आग्रह केला. ते रागावले. पुढे मी आग्रह केला नाही. आपली दया घेणाऱ्याने गुपचूप घ्यावी अशी काही माणसांची इच्छा असते, आणि ती मानली पाहिजे.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळली नाही. गोधड्या परत गोळा केल्या तेव्हा एकीच्या उसवलेल्या कडेला नवी शिवण दिसली, बारीक आणि फार सुबक, आमच्यातल्या कोणाचीही नव्हे. ती कोणाच्या गच्चीवर होती ते आठवेना. आज सभेत ती बाई बसली असेल तर तिने हात वर करू नये, पण ऐकावे, की ती शिवण आम्ही पाहिली.

उरली गाडी. अकरातल्या एकीने सुचविले की सरळ एस. टी.ने जावे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, हे आम्ही तोपर्यंत विसरूनच गेलो होतो, कारण 'प्रवास' म्हटले की स्वतंत्र गाडी अशी सवय लागलेली. मनमाड, मालेगाव, धुळे, साक्री असे करत नवापूर. माणसांचे भागले, पण गाठोडी? बावीस गोधड्या घेऊन एस. टी.त चढलो असतो तर कंडक्टरने आम्हांलाच खाली ठेवले असते. तेव्हा काकूंच्या भाच्याने नेप्तीच्या कांदा बाजारात चौकशी केली आणि सुरतेकडे कांदा नेणारा एक टेंपोवाला मिळाला. एरवी तो नाशिककडून जाई. आमच्यासाठी त्याने धुळ्याची वाट धरायचे कबूल केले. कांद्याच्या गोण्यांवर स्वच्छ ताडपत्री, तिच्यावर आमची गाठोडी, वरून पुन्हा ताडपत्री. निघताना भाडे विचारले तर तो जरा अवघडला आणि म्हणाला, "मावशी, भाडे नको. त्यातले एक दुपटे द्याल का? घरी पंधरा दिवसांची मुलगी आहे." आम्ही त्याला दोन दिली. म्हणून पोहोचती अठ्ठावन्न झाली.

आमच्या शास्त्रात एक दाखला आहे. वाटमाऱ्यांनी लुटून टाकलेला एक मनुष्य रस्त्यावर पडलेला असतो. त्याचेच धर्मबंधू बाजूने निघून जातात. आणि ज्याच्याशी त्या लोकांचा बोलण्याचालण्याचाही संबंध नसे, असा एक शोमरोनी प्रवासी थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेचे पैसे भरतो. हा दाखला आम्ही शेकडो वेळा वाचला आहे, आणि दर वेळी स्वतःला त्या शोमरोन्याच्या जागी धरून वाचला आहे. सेवेला निघालेल्या बायकांना दुसरी जागा सुचत नाही. त्या दहा दिवसांत आम्ही वाटेवर पडलेल्या माणसाच्या जागी होतो. आणि ती जागा, खरे सांगते, फार अवघड आहे. भाभी गोधडी ओढत होत्या तेव्हा मला आनंदाआधी संकोच झाला. आपण देणाऱ्या, आपण घ्यायचे कसे? आमच्यातल्या एकीने तर भाभींना लगेच सायंकाळी डबा पाठविला, फिट्टंफाट करायला. भाभींनी डबा ठेवून घेतला आणि रिकामा परत पाठविला, त्यात साखर न घालता. मला वाटते, त्यांना कळले होते.

नवापूरला पोहोचल्यावर ह्याचा एक उपयोग झाला, तेवढा सांगते. तेथल्या आया गोधडी घेताना खाली पाहत. आधीच्या फेऱ्यांत मी ते लाजाळूपण समजत असे. ह्या खेपेला ते मला ओळखीचे वाटले. म्हणून मी वाटप करताना भाषण केले नाही, फोटो काढू दिला नाही. गोधडी पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि पुढे गेले. एका आजीने मागून हाक मारून मावचीत काही म्हटले. दुभाषी सिस्टरने सांगितले, "त्या विचारतात, ही कड कोणी शिवली? हात चांगला आहे." ती तीच गोधडी होती. मी सांगितले, "आमच्या गल्लीतली एक बाई." नाव विचारले, ते मला देता आले नाही.

पुढची फेरी ह्या वर्षी दिवाळीनंतर निघायची आहे. सिस्टरआजी म्हणतात की एस. टी.त त्यांना तिकीटच पडत नाही, तेव्हा त्यांना अडवायचे कोणी कारण नाही. डॉक्टरांशी बोलणे चालू आहे. जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी ज्यांच्या घरी असतील त्यांनी आमच्याकडे आणून द्यावीत. सभागृहाची टाकी नवी बसविली आहे, तरीही ह्या खेपेला गाठोडी भाभींच्या माडीवर राहतील. आणि रंग जाणारे कापड असेल तर कृपा करून आधीच तसे सांगावे, परीटमामांनी निरोप दिला आहे.